एक कुटुंब, एक ओक? जर्मनीतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

जर्मनीतल्या आणि आसपासच्या देशांतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि तमाम कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती, दिवाळी पहाट आणि ढोल-ताशाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत वृक्षारोपणही आलं, याचा मला आनंदच आहे. यंदा अशाच एका कार्यक्रमाचा निरोप फिरत फिरत माझ्या फोनवर आला. महाराष्ट्र दिनी, म्हणजे १ मे रोजी, सहकुटुंब जंगलात जायचं आणि ओकची रोपं लावायची. घोषवाक्य ‘एक कुटुंब, एक ओक’. प्रत्येक रोपाला कुटुंबाच्या नावाची पाटी. रोपं ऑनलाइन मागवायची, जिथे स्वस्त मिळतील तिथून. मग वडापाव आणि सामूहिक फोटो.

वडापावबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकी तारखेपासून पाटीपर्यंत जवळजवळ सगळ्यालाच हरकत आहे. इथल्या रोपवाटिकांत आणि ओकच्या जंगलांत काम करून मी पोट भरतो आणि मंडळाची वर्गणीही भरतो, तेव्हा दोन्ही नात्यांनी लिहितोय. त्या मंडळाचं नाव घेत नाही, कारण हे त्यांच्यापुरतं नाही. कमीअधिक फरकाने सगळीकडे हेच चालतं.

ओकच का, हा प्रश्न कुणी विचारला नसेल, पण उत्तर सांगून ठेवतो. २०१८ ते २०२० या सलग कोरड्या वर्षांत जर्मनीतली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं खोडकिड्याने अक्षरशः झोपवली. हार्त्सच्या डोंगरात गेलात तर राखाडी सापळ्यांचे उतारच्या उतार दिसतात. देशभरात पाच लाख हेक्टरांच्या आसपास जंगल पुन्हा उभं करायचं आहे. खोल मुळांचा, उन्हाळा सोसणारा, हजारो जीव पोसणारा ओक त्यासाठी सगळ्यांना हवा आहे. एकट्या ब्रिटनमध्ये ओकशी या ना त्या प्रकारे जोडलेल्या सुमारे २,३०० प्रजातींची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या ३२६ ओकवाचून जगूच शकत नाहीत. म्हणजे झाडाची निवड चुकलेली नाही. चुकतंय ते पुढचं.

आधी तारीख. आपल्याकडे झाड लावायचं ते मृगाचा पाऊस पडून जमीन भिजल्यावर. तेच डोक्यात बसलेलं असतं, म्हणून हिरवंगार रोप हातात आल्याशिवाय लावल्यासारखं वाटत नाही. इथे नेमकं उलट आहे. ओक लावायचा तो पानं गळाल्यावर, मुळं उघडी, वर नुसती काटकी, अशा अवस्थेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. ते नाही जमलं तर गोठलेली जमीन सुटी झाल्यापासून कळ्या फुगेपर्यंत. मे उजाडतो तेव्हा ओकला पालवी आलेली असते आणि पालवी आलेलं उघड्या मुळांचं रोप हलवणं म्हणजे ते मारणं.

कारण लाकडात आहे. ताज्या कापलेल्या ओकचा बुंधा जवळून पाहा. प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या आतल्या कडेला बारीक भोकांची एक रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. या पाणी वर नेणाऱ्या नळ्या, पाव मिलिमीटरच्या आसपास रुंद. झाडांच्या हिशेबात हे मोठे नळ झाले. हिवाळ्यात गोठून-वितळून गेल्या वर्षीच्या बहुतेक मोठ्या नळ्यांत हवा शिरते आणि त्या निकामी होतात. म्हणून ओक दर वसंतात पानं उघडण्याआधी नव्या नळ्यांची रांग बांधून घेतो, तीही आदल्या वर्षी साठवलेल्या पिठूळ साठ्यावर. अंगातली शिल्लक संपत आलेली, पानं पाणी मागतायत, आणि त्याच आठवड्यात आपण मुळं तोडून त्याला नव्या जागी उभा करतो. कुंडीतलं रोप मे महिन्यात लावता येतं हे खरं, पण मग उन्हाळाभर पाणी कोण घालणार? जंगलात नळ नसतो.

वर, मे महिन्याच्या ११ ते १५ तारखा इथे ‘बर्फाचे संत’ म्हणून ओळखल्या जातात. त्या सुमाराला रात्रीत पारा उतरून कोवळी पालवी काळी पडते. जुना ओक ते निभावून नेतो. त्याला वाढीचा दुसरा हप्ता ठाऊक आहे. ओक वर्षभर एकसारखा वाढत नाही, हप्त्याहप्त्याने वाढतो. वसंतात एक फुटवा, मग कळी मिटून विश्रांती, मग २४ जूनच्या, म्हणजे सेंट जॉनच्या दिवसाच्या आसपास दुसरा. जर्मन लोक त्याला ‘योहानिस-ट्रीब’ म्हणतात. जून संपताना जंगलाच्या कडेला जा. गडद हिरव्या झाडावर फिकट, तांबूस शेंडे वेगळे दिसतात. पण या दुसऱ्या डावालाही मुळांनी जमीन धरलेली असावी लागते.

दसरा-दिवाळी कुठे पळून गेली आहे का? त्याच दिवसांत ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, गळतात आणि लागवडीचा हंगामही सुरू होतो. महाराष्ट्र दिनाला भाषणं करा, झाडं दिवाळीच्या सुमाराला लावा.

आता रोप कुठलं, हा मुद्दा. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण निरोपात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. होतं ते ‘स्वस्त मिळेल तिथून’.

मध्य युरोपात मुख्य ओक दोन. श्टील-आयशे आणि ट्राउबेन-आयशे. पहिल्याची फळं लांब देठावर लोंबतात आणि पानाला देठ जवळजवळ नसतो. दुसऱ्यात फळं फांदीलाच चिकटून झुबक्याने बसतात आणि पानाला चांगला देठ असतो. पहिल्याला नदीकाठची भारी, ओल धरणारी जमीन मानवते. दुसरा उतारावरच्या उथळ, कोरड्या, आम्लयुक्त जमिनीतही तगतो. एवढं तरी रोप घेण्यापूर्वी विचारायला हवं. नदीकाठचा ओक डोंगरावर नेऊन लावला तर दहा वर्षांनी दोष दुष्काळाला दिला जाईल.

बरं, हे दोघे एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे राहतात असंही नाही. त्यांच्यात सर्रास संकर होतो आणि त्यातून एक गमतीची गोष्ट पुढे आली. हिमयुगात ओक आल्प्सच्या दक्षिणेला तीन कोपऱ्यांत तगून राहिला होता. इबेरिया, इटली आणि बाल्कन. बर्फ मागे सरकलं तसा तो उत्तरेकडे निघाला आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपर्यंत त्याने आजचा मुलूख गाठला. या प्रवासाचा माग लागला तो हरितलवकातल्या डीएनएमुळे, कारण ओकमध्ये हा डीएनए फक्त आईकडून, म्हणजे एकॉर्नमधूनच येतो. परागात तो नसतो. रेमी पती, आंत्वान क्रेमर आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपभरच्या अडीच हजारांहून जास्त ओक-वस्त्यांचे नमुने तपासून २००२ मध्ये हा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात इबेरियाहून आलेला वंश पश्चिमेकडे पसरलेला दिसतो, बाल्कनचा पूर्वेकडे आणि मधल्या पट्ट्यात सरमिसळ.

गंमत अशी, की एकाच जंगलातल्या दोन वेगळ्या जातींच्या ओकमध्ये बऱ्याचदा हरितलवकाचा वंश एकच निघतो. म्हणजे आईकडून भाऊबंद, जात मात्र निराळी. याचा अर्थ बहुधा असा, की श्टील-आयशे एकॉर्नच्या वाटेने आधी पुढे गेला आणि ट्राउबेन-आयशे मागून परागाच्या वाटेने आला. त्याचा पराग पहिल्याच्या फुलांवर पडला, संकर झाला, त्या संकरावर पुन्हा त्याचाच पराग, असं पिढ्यान्पिढ्या चालून दुसरी जात तिथे उभी राहिली. पराग किती लांब जातो याचा अंदाज हवा असेल तर फ्रान्सच्या पतित-शार्नी जंगलातलं संशोधन आहे. तिथल्या एका छोट्या ओकराईतल्या बियांची पितृत्व-तपासणी केली, तर निम्म्याहून जास्त बियांचे बाप त्या राईच्या बाहेरचे निघाले. तुमच्या स्वस्त रोपांचा पराग शेजारच्या जुन्या राईत जाणार, तो असा.

एकॉर्न मात्र जड. ते वाऱ्यावर उडत नाही, झाडाखालीच पडतं. मग ओक युरोपभर पसरला कसा? याचं श्रेय बरंचसं जे नावाच्या, कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याकडे जातं. पंखावर निळी पट्टी असलेला, कर्कश ओरडणारा हा पक्षी शरदात घशाच्या पिशवीत एकाच वेळी कित्येक एकॉर्न भरतो, आणखी एक चोचीत धरतो आणि दूर नेऊन एकेक करून मऊ जमिनीत पुरतो. एका हंगामात असे काही हजार. सगळे त्याच्या पोटात जात नाहीत. उरलेले उगवतात. इथले फॉरेस्टर त्याला बिनपगारी कामगार समजतात, आणि तेही अतिशयोक्तीने नव्हे. पाइनच्या एकसुरी जंगलात ओक आणायचा असेल तर खांबावर पेट्या लावून त्यांत चांगल्या राईतले एकॉर्न ठेवतात. बाकीचं काम पक्षी करतो. त्या पेटीत एकॉर्न कुठले ठेवायचे, याचा मात्र कागद असतो.

कागद म्हणजे काय, तर २००३ पासून इथे वन-बियाण्याचा स्वतंत्र कायदा लागू आहे. जंगलासाठी विकायचं ओकचं बियाणं मान्यताप्राप्त राईतूनच गोळा करावं लागतं, तेही ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाडांखालून, आणि प्रत्येक लॉटला प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. श्टील-आयशेच्या उगमविभागांचे, म्हणजे बियाणं कुठल्या भागातलं ते सांगणारे, क्रमांक ८१७ ने सुरू होतात, ट्राउबेन-आयशेचे ८१८ ने. बागकामाच्या दुकानातल्या रोपावर हे नसतं. ते रोप घराच्या अंगणात लावायला ठीक आहे. जंगलात नाही.

हे नोकरशाहीचं खूळ वाटत असेल तर वायव्य जर्मनीतल्या म्युन्स्टरलँडमधले स्लावोनियाचे ओक बघून या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या क्रोएशियातल्या स्लावोनियातून बियाणं आणून ते लावले. ते स्थानिक ओकपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा पालवतात. तेवढ्यात बर्फाचे संत येऊन गेलेले असतात आणि पानं गुंडाळणाऱ्या हिरव्या अळीचा बहरही ओसरू लागलेला असतो. बाहेरचं बियाणं वाईटच असतं असं मी म्हणत नाही, हे यावरून लक्षात येईल. पण ते सरळसोट, उशिरा पालवणारे ओक आहेत हे ठाऊक होतं म्हणून उपयोग झाला. मूळच माहीत नसलेलं रोप म्हणजे दोनशे वर्षांचा जुगार.

दोनशे वर्षं हा शब्द इथे सहज म्हणून वापरलेला नाही. ओकचं रोप चुकलं तर पुढच्या हंगामात बदलता येत नाही, आणि झाड स्वतः जवळजवळ बदलत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या आवारात ‘नेपोलियनचा ओक’ म्हणून एक झाड आहे. १८०० मध्ये नेपोलियनचं सैन्य तिथून गेलं तेव्हा ते रोपटं होतं. त्याच्या २३४ वर्षांच्या आयुष्यात किती जनुकीय बदल साठले हे पाहण्यासाठी खालच्या आणि वरच्या फांदीच्या पानांचा डीएनए ताडून पाहिला. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. फरक सापडले अवघे १७. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, श्टील-आयशेचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५,८०० जनुकं आहेत आणि रोगप्रतिकाराची जनुकं पुन्हा पुन्हा नकला होऊन वाढलेली आहेत. शतकानुशतकं एकाच जागी उभं राहून दर वर्षी नव्या बुरशीला तोंड द्यायचं, तर हा साठा लागणारच.

झाड बदलत नाही, पण राई बदलते, पिढीगणिक. फ्रान्समधल्या बेर्से, त्रोंसे आणि रेनो-वाल्दियू या तीन जंगलांत सुमारे ३४०, १७० आणि ६० वर्षं वयाच्या ओकची तुलना झाली आहे. छोट्या हिमयुगात, म्हणजे काही शतकांपूर्वीच्या थंड काळात, रुजलेली पिढी आणि नंतरच्या पिढ्या यांच्या जनुकांच्या प्रमाणात फरक पडलेला दिसतो, तोही तिन्ही ठिकाणी बराचसा एकाच दिशेने. म्हणजे हवा बदलली तसा ओकही बदलला, पण तो हजारो रोपट्यांतून निवड होऊन. निवडीला वैविध्य लागतं. एका झाडाखालून पिशवीभर एकॉर्न उचलून तयार केलेल्या रोपांत ते येणार कुठून?

यावरून ‘एक कुटुंब, एक ओक’ आणि ती पाटी. मंडळी, हे ऐकायला जड जाईल, पण तुमच्या नावाचं झाड बहुधा कापलं जाईल. ओक एकटा लावत नाहीत. हेक्टरी पाच-सात हजार रोपं दाटीने लावतात, कारण शेजारी खेटून असले तरच तो सरळ वर जातो आणि खालच्या फांद्या आपोआप गळतात. मोकळ्यावर लावलेला ओक आडवा पसरतो, सावलीला छान, जंगलाला बिनकामाचा. या हजारोंतून काही मरतात, काही विरळणीत काढतात आणि शेवटी हेक्टरी साठ-सत्तर उरतात. कापलं जाणं हा अपमान नाही, ती रीतच आहे. पण पाटी लावलेलं कुटुंब वीस वर्षांनी मुलांना घेऊन आलं आणि बुंधाही सापडला नाही, तर काय सांगाल?

याला एक चांगली तोड इथेच आहे. ‘ट्रुप’ पद्धत. वीस-पंचवीस ओक मीटर-मीटरच्या अंतराने एका पुंजक्यात, भोवती कडेला हॉर्नबीम किंवा लिंडेन ही सावली देणारी झाडं. असे हेक्टरी सत्तरच्या आसपास पुंजके. प्रत्येक पुंजक्यातून अखेर एक उत्तम ओक उभा राहावा एवढीच अपेक्षा. म्हणजे वीस-पंचवीस कुटुंबांचा मिळून एक ओक. घोषवाक्य तेवढं बदलावं लागेल. कुणाचं झाड जगलं यावरून मंडळात दोन तट पडायची भीतीही त्यामुळे टळेल, आपला इतिहास पाहता ही काही लहान सोय नाही.

हॉर्नबीम कशाला, असं विचाराल. ओकला डोक्यावर ऊन आणि अंगावर सावली हवी. अंगावर ऊन पडलं की खोडातून बारीक फुटवे येतात आणि लाकूड खराब होतं. डोक्यावर सावली आली की तो मरतो. त्याचा खरा वैरी आहे बीच नावाचं झाड. बीचचं रोप गर्द सावलीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतं आणि संधी मिळाली की ओकच्या डोक्यावरून निघून जातं. ओकचं रोपटं एकॉर्नच्या शिदोरीवर सावलीत दोन-चार वर्षं काढतं, मग संपतं. मध्य युरोपातल्या पुष्कळ ओकराया माणसाने राखल्या म्हणून आहेत. गावकरी एकॉर्नवर डुकरं चारायचे, सरपणासाठी खालची झाडोरी तोडायचे, आणि ओकला ऊन मिळायचं. जर्मनीतल्या स्पेसार्टच्या डोंगरातले तीन-चारशे वर्षांचे ओक असेच पिढ्यान्पिढ्यांच्या राखणीतून आले आहेत. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वलय, म्हणूनच त्या लाकडाला सोन्याचा भाव. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या मनोऱ्यासाठी बेर्सेच्या जंगलातून २०२१ मध्ये आठ ओक निवडून तोडले, तेही कुणीतरी दोनशे वर्षं राखले होते म्हणून मिळाले.

आणि हरणं. रो नावाचं छोटं हरीण इथे जंगलोजंगली आहे आणि ओकचा शेंडा त्याला फार आवडतो. बीच-स्प्रूस बाजूला ठेवून ते आधी ओक खातं. कुंपण नसेल तर तुमची सगळी लागवड दोन हिवाळ्यांत खुरटून जाते. वर ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि गवत रोपाला झाकून टाकतं ते वेगळंच. म्हणून म्हणतो, लावणं हे सगळ्यात सोपं काम आहे. पुढची आठ-दहा वर्षं खरी. त्यासाठी फोटोला शंभर माणसं येतात आणि जूनमध्ये विळा घेऊन गवत काढायला तीन. नव्याचे नऊ दिवस हा आपला जुना रोग आहे, त्याला जर्मनीची हवाही मानवलेली दिसते.

तर माझी मागणी अशी. वृक्षारोपणासाठी जो निधी गोळा करता, त्यातला मोठा भाग रोपांवर न घालता कुंपणावर घाला. कार्यक्रम ठरवण्याआधी त्या भागाच्या फॉरेस्टरला भेटा आणि त्याला विचारा, तुला काय हवंय. तो बहुधा म्हणेल, रोपं माझ्याकडे आहेत, माणसं द्या. ती द्या, एकदा नव्हे, दर जूनला. पिकाच्या वर्षी, जेव्हा ओक भरभरून फळतो, तेव्हा मान्यताप्राप्त राईत एकॉर्न वेचायला हात कमी पडतात. पोरांना घेऊन या. हे काम मुलांना आवडतं, आणि पिकाचं वर्ष ठरल्या तारखेला येत नाही, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत एक जागा मोकळी ठेवा. वेचलेले एकॉर्न घरी नेऊन डब्यात ठेवू नका. ते वाळले की मेले. गव्हासारखं कोरडं करून साठवता येत नाही. ओलसर, थंड जागी ठेवून त्याच शरदात पेरायचे. पेरले की पानाआधी जाड मूळ बाहेर पडतं आणि सरळ खाली जातं. वसंतात वीतभर शेंडा दिसतो तेव्हा खाली त्याहून लांब मूळ गेलेलं असतं. रोपवाटिकेत हे मूळ कापावंच लागतं, म्हणून जिथे उंदीर आणि रानडुकरं आवरता येतात तिथे रोपापेक्षा पेरणी बरी, असं माझं मत. फॉरेस्टरचं मत वेगळं असेल तर त्याचं ऐका, जमीन त्याची आहे.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. फॉरेस्टरशी बोलायला जर्मन कमी पडत असेल तर मी येतो. विळेही आणतो.

आपला,
मंडळाचा एक वर्गणीदार आणि वनकामगार

ता. क. एवढं सांगूनही कुणी मे-जूनमध्ये ओकच्या जंगलात सहल काढलीच, तर मुलांना एक बजावून ठेवा. खोडावर पांढऱ्या जाळ्याचे पुंजके आणि एकामागे एक रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसल्या तर हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही. त्यांचे सूक्ष्म केस वाऱ्यावर उडतात, अंगावर भयंकर खाज आणि पुरळ उठतं, कधीकधी श्वासालाही त्रास होतो. रिकामी, जुनी जाळीही तितकीच वाईट, कारण ते केस पुढची काही वर्षं तसेच राहतात. तिथे सतरंजी अंथरू नका.